चार पी सर

कॉमर्सच्या विभागात अकाउंटन्सीच्या सरांना पोरं घाबरतात, कारण ताळेबंद जुळत नाही. त्यांची शिकवणीही चालते, त्यामुळं त्यांचं घर दुमजली असतं. स्टॅटिस्टिक्सच्या सरांना प्राचार्य वचकून असतात, कारण नॅकचे आकडे त्यांच्याशिवाय कुणाला बसवता येत नाहीत. बिझनेस लॉच्या सरांशी संस्थाचालकसुद्धा जरा जपून बोलतात. मार्केटिंगच्या सरांना मात्र कुणीच घाबरत नाही. हा विषय न वाचता सुटतो अशी पोरांची खात्री असते आणि दरवर्षीचा निकाल त्यांच्या बाजूनं उभा राहतो. 'उत्तम विक्रेत्याचे गुण लिहा' हा प्रश्न आला की पोरगं चार पानं भरतं. तो उंच असावा, हसतमुख असावा, प्रामाणिक असावा, त्याचे कपडे इस्त्रीचे असावेत, त्याच्या तोंडाला वास नसावा. सर आठपैकी पाच देतात. वासाचा मुद्दा राहिला तर साडेचार.

आमच्या सरांना मुखेडात 'चार पी सर' म्हणतात. त्यांचं खरं नाव वेतनबिलावर आहे, तेवढं पुरे. कॉलेजही विचारू नका. असे सर मुखेडला आहेत तसे देगलूरला आहेत, कंधारला, उदगीरला, अहमदपूरलाही आहेत. मी सगळ्यांना एका खुर्चीत बसवून फोटो काढलाय असं समजा. टोपणनावाबद्दल सरांची तक्रार नाही. "ब्रँड आहे तो," असं ते स्वतःच सांगतात. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. ही चार नावं ते फळ्याच्या चार कोपऱ्यांत लिहितात, प्रत्येकाभोवती चौकोन काढतात, मधोमध एक गोल काढून त्यात 'ग्राहक' लिहितात आणि चारही चौकोनांतून त्या बिचाऱ्यावर बाण सोडतात. हे चार पी कोटलरनं सांगितले, असं सर तीस वर्षं सांगत आलेत. वास्तविक ते जेरोम मॅकार्थी यांच्या १९६० च्या पुस्तकातले. फिलिप कोटलर यांचं 'मार्केटिंग मॅनेजमेंट' आलं १९६७ ला. पण मुखेड तालुक्यात ते कोटलरच्या नावावर चढलेत, आणि सातबाऱ्यावर एकदा नाव चढलं की उतरवायला किती खेटे पडतात ते इथं कुणाला सांगायला नको.

सर मूळचे बाऱ्हाळीकडच्या एका वाडीचे. आर्ट्सला गेलं की घरचे रडायचे आणि सायन्सला गेलं की पोरगं रडायचं, म्हणून कॉमर्स. एम.कॉम. औरंगाबादच्या विद्यापीठातून झालं, कारण नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ व्हायला १७ सप्टेंबर १९९४ उजाडायचा होता. मार्केटिंग हा विषय त्यांनी निवडला नाही, तो उरला होता. अकाउंटन्सीची जागा भरलेली, बँकिंगची संस्थेतल्या कुणाच्या तरी जावयासाठी राखलेली. मार्केटिंगला अर्ज एकच होता. १९९३ च्या जूनमध्ये सर रुजू झाले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वडिलांनी विहिरीखालची दोन एकर विकली होती. पैसा कुठं गेला हे गावानं विचारलं नाही आणि वडिलांनी सांगितलं नाही. किंमत-धोरणाचं प्रकरण शिकवताना सर आजही या विक्रीचं उदाहरण घेत नाहीत.

मराठवाड्यात माणूस कशानं ना कशानं ग्रस्त असतोच. लेंडी प्रकल्पानं मुक्रमाबादकडचे लोक धरणग्रस्त झाले, किल्लारीनंतर तिकडचे भूकंपग्रस्त, आणि दुष्काळग्रस्त व्हायला तर फक्त इथं जन्माला यावं लागतं. सर नेट-सेटग्रस्त झाले. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट न होता लागलेल्यांची ही जमात. नोकरी आहे, पण सेवा धरायची कधीपासून यावर फाईल फिरतेय. सर पुष्कळ वर्षं त्या फाईलबरोबर फिरले. २०१३ ला राज्यभरच्या प्राध्यापकांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला तेव्हा नांदेडच्या मोर्चात सर पहिल्या रांगेत होते, टोपी घालून. त्या आंदोलनात सरकारनं ७१ दिवसांचा पगार अडवला. वर्गात 'संधी व्यय' समजावताना सर हा आकडा फळ्यावर लिहितात आणि थोडा वेळ नुसते बघत राहतात.

फाईल फिरत असतानाच लग्न जमवायचं होतं. बायोडाट्यात 'प्राध्यापक, वाणिज्य' एवढंच. मुलीचे मामा जाणते होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "पर्मनंट हाव का?"

"प्रस्ताव गेलाय," सर म्हणाले.

"कुठं गेलाय?"

"मंत्रालयात."

मामा खूश झाले. त्यांच्या गावच्या पाझर तलावाचा प्रस्तावही तिथंच गेला होता. दोन प्रस्तावांची सोबत झाली. सरांनी आयुष्यात स्वतःच्या बळावर केलेली ही पहिली विक्री, आणि पुस्तकातल्या एकाही व्याख्येत ती बसत नाही.

वर्गाचं काय सांगावं. पटावर साठ, हजर अकरा, त्यातले तीन चुकून आलेले. दिवाळी झाली की पटावरची बरीच पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला, नाहीतर पुण्या-हैदराबादकडं कामाला जातात आणि थेट परीक्षेला उगवतात. तरी सर मनापासून शिकवतात. त्यांच्या नोट्सची वही पिवळी पडली आहे, कडा दुमडल्या आहेत, पण उदाहरणं ताजी असल्याचा त्यांचा दावा आहे. ग्रामीण विपणनाच्या प्रत्येक पुस्तकात असते ती पंजाबची गोष्ट ते दरवर्षी सांगतात: तिथल्या ढाबेवाल्यांनी वॉशिंग मशीन घेतलं आणि त्यात लस्सी घुसळली. २०१६ च्या एप्रिलातही सांगितली. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं ते हेच दिवस. मागच्या बाकावरून एक जण उठला. "सर, मशीन धुवायला पाणी कुठलं?" सरांनी त्याला बसवलं आणि निरमाकडं वळले. तिथंही पाणीच लागतं हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

पोरांना बाजार कळत नाही असा सरांचा एक जुना ग्रह होता. तो किंमत-निर्धारणाच्या तासाला मोडला. सर स्किमिंग आणि पेनिट्रेशन सांगत होते. नवी वस्तू आधी महाग विकावी की आधी स्वस्त. एका पोराच्या घरी जनावरांचा व्यापार, आजोबा दलाल, बाप दलाल. तो खिडकीतून बाहेर बघत होता म्हणून सरांनी त्यालाच उभं केलं.

"किंमत कशी ठरते, सांग."

"सर, हात द्या."

पोरगं पुढं आलं. खिशातली दस्ती काढून त्यानं सरांच्या पंजावर टाकली, खाली स्वतःचा हात घातला आणि सरांची बोटं धरली. आधी चार. मग सोडून अंगठ्याशेजारचं एक अर्धं दाबलं. चेहरा असा कोरा की जणू बस कधी येते त्याची वाट बघतोय. सगळा वर्ग मागून पुढं सरकला. "लाल कंधारीचा गोऱ्हा हाय असं समजा," पोरगं म्हणालं. "चार बोटं म्हंजी चार. हजार का दहा हजार ते जनावर बघून समजायचं, बोलायचं नाई. आता तुमाला परवडत नसलं तर तुमी माझी बोटं दाबा. शेजारच्याला पत्ता लागला नाई पायजे, नाईतर पुढल्या गिऱ्हाइकाचा भाव पडतो." सरांनी गोंधळून पाचही बोटं धरली. "सर, तुमी भाव वाढवलाव," पोरगं म्हणालं. "घेणाऱ्यानं वाढवायचा नसतो."

अकरा जण पोट धरून हसले. सर मात्र त्या तासाला गंभीर झाले. दस्ती परत द्यायचीसुद्धा त्यांना आठवण राहिली नाही. पुढच्या मार्गशीर्षात ते स्वतः लोहा तालुक्यातल्या माळेगावला गेले. खंडोबाच्या त्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, बैल सगळं विकायला येतं आणि सौदे अजून कापडाखाली होतात. सरांनी तिथं प्रश्नावली वाटली. व्यापाऱ्यांनी ती तंबाखूच्या पुड्यांना वापरली. तरी शोधनिबंध झाला: 'पारंपरिक पशुबाजारातील गुप्त किंमत-निर्धारण: एक अभ्यास'. आयएसएसएन असलेल्या नियतकालिकाच्या विशेषांकात तो छापून आला, फी सरांनीच भरली, एपीआयचे गुण मिळाले. ज्यानं हे शिकवलं त्या पोराला अंतर्गत गुणांत मात्र वीसपैकी सहा. माळेगावच्या यात्रेत असल्यामुळं तो चाचणीला गैरहजर होता.

दुसऱ्या एका वर्षी जाहिरातीचं प्रकरण चालू होतं. जाहिरातीशिवाय धंदा चालत नाही हे वाक्य सर लिहून देत होते, तर एका मुलीनं विचारलं, साप चावला की आसपासच्या तालुक्यांतून माणसं मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांच्याकडं आणतात, ती कोणती जाहिरात बघून? सर थांबले. "माउथ पब्लिसिटी," ते म्हणाले. "पण सर, ज्याला साप चावला त्याचं तोंड तर बंद असतं की." सरांनी वाक्याच्या शेवटी 'सहसा' जोडलं. मोंढ्याचं तर विचारूच नका. वितरण-साखळी शिकवताना उत्पादक हा किंमत ठरवतो हे वाक्य फळ्यावर येतं आणि समोर बसलेल्यांचे बाप त्याच आठवड्यात सोयाबीनचं पोतं आडत्यापुढं उलटं करून "काय भाव देता?" असं विचारून आलेले असतात. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता हे पोरांना पाठ आहे. तो बापाला मिळाला नाही हेही पाठ आहे. इथं सर पुढच्या मुद्द्यावर जातात. मला वाटतं ते शहाणपणानं जातात.

नॅकबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नॅकबद्दल थोडक्यात सांगणारा माणूस महाराष्ट्रात दुर्मिळ झाला आहे. समिती यायच्या आदल्या महिन्यात सरांची खरी किंमत कॉलेजला कळते. बोर्ड रंगवणं, फुलझाडांच्या कुंड्या भाड्यानं आणणं, माजी विद्यार्थ्यांना फोन करून "सुखी आहे" असं म्हणायला लावणं, शेजारच्या किराणा दुकानाशी सामंजस्य करार करणं, ही सगळी कामं मार्केटिंगची म्हणून सरांकडं. 'कॉमर्स लॅब' नावाच्या खोलीत त्यांनी टूथपेस्ट, साबण आणि शाम्पूच्या रिकाम्या पुड्या काचेत मांडल्या. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, यातून विद्यार्थी काय शिकतात? सर म्हणाले, "पॅकेजिंग." उत्तर खोटं नव्हतं. आतला माल बाहेर काढूनच त्या पुड्या मांडल्या होत्या.

पण सरांचं खरं रूप बघायचं तर जूनमध्ये. बारावीचा निकाल लागला, की प्राचार्य 'प्रवेश अभियान समिती'चं पत्रक काढतात आणि प्राध्यापकांना गावं वाटून देतात. मी मराठीचा. मराठीला पोरं कमी, कॉमर्सला त्याहून कमी, म्हणून आमची जोडी ठरलेली. सरांची जुनी स्प्लेंडर, मागं मी, माझ्या मांडीवर माहितीपत्रकांचा गठ्ठा. समोर पोलीस भरतीच्या अकॅडम्या, आयटीआय, डी.फार्म., पुण्यातल्या कंपन्यांचे ठेकेदार, आणि शेजारच्या कॉलेजचे प्राध्यापक. हे शेजारचे लोक एका वाडीतून बाहेर पडताना आम्हाला हटकून भेटतात. दोन्हीकडून हसून नमस्कार होतो. दुपारी एकाच हॉटेलात एकाच टेबलावर भजी खाल्ली जातात आणि कोण कोणत्या तांड्यावर जाऊन आलं याबद्दल दोन्ही बाजू नम्रपणे खोटं बोलतात.

गावात शिरलं की सरांच्या अंगात कोणीतरी वेगळाच माणूस येतो. चार पी, सेगमेंटेशन, सगळं मोटारसायकलीच्या डिक्कीत राहतं. ते पोराशी बोलत नाहीत, पोराच्या बापाशीही नाही. ओसरीवर म्हातारी हेरतात, लांबच बूट काढतात आणि पाणी मागतात. तहान असो नसो. पाणी पिऊन झालं की तांब्या पालथा न घालता नीट परत देतात. मग पावसाचा विषय. मग दावणीच्या बैलाला कोणता रोग आहे ते. मग म्हातारीचं माहेर कोणतं ते. माहेर कोणतंही निघो, सरांचे तिथं पाहुणे असतात. कॉलेजचं नाव ते काढतच नाहीत. अर्ध्या तासानं म्हातारीच विचारते, "तुमी कशापायी आलाव गा?"

एकदा जांबकडच्या एका वाडीत अशीच एक मावशी अडून बसली. नातवाला भरतीच्या अकॅडमीत घालायचं ठरलेलं होतं.

"बीकॉम म्हंजी काय असतंय?"

या प्रश्नाला सरांच्या वहीत सात पानांचं उत्तर आहे. ते म्हणाले, "बँकेत लागतंय, मावशी."

"कोण लागलं?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी माहितीपत्रक उघडलं. त्यात 'आमचे यशस्वी विद्यार्थी' या पानावर संस्थाध्यक्षांचा फोटो होता.

"म्या इचारलं, कोण लागलं बीकॉम करून?"

"मीच लागलो की, मावशी," सर म्हणाले.

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. इस्त्रीचा शर्ट, घड्याळ, लांब काढून ठेवलेले बूट, बाहेर उभी असलेली गाडी. मग आत वळून ओरडली, "अगं, त्या पोराची टीसी दे यांच्याकडं." टीसी पिशवीत पडली. टीसी हातात आली की सौदा पक्का. पुढं मन बदललं तर पोरालाच कॉलेजवर यावं लागतं आणि आलं की सर त्याला चहा पाजून बसवतात. परतीच्या रस्त्यावर मी म्हणालो, सर, तुम्ही तर बँकेत नाही लागलात. सरांनी गाडी खड्ड्यातून सफाईनं काढली आणि म्हणाले, "पगार बँकेतच होतो."

या मोसमात सर जे करतात त्याला वर्षभर ते शिकवतात त्याच्याशी काही देणंघेणं नाही, आणि ते त्यांना कधी खटकल्याचं मला दिसलं नाही. सप्टेंबर लागला की ते परत फळ्यावर चौकोन काढू लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानं आता त्यांचा विषय मेजर, मायनर आणि कौशल्यावर आधारित अशा तुकड्यांत वाटून दिलाय. 'डिजिटल मार्केटिंग' नावाचा पेपर त्यांच्या वाट्याला आला. सरांनी तो उदार मनानं विभागातल्या तरुण सीएचबीवाल्याला दिला. हा पोरगा सेट झालेला, पीएच.डी. झालेला, दोन कॉलेजांत तासांवर राबतो आणि त्याचं मानधन सहा-सहा महिने थकतं. सरांना त्याची मनापासून कणव येते. म्हणून ते त्याला नॅकच्या फायली देतात, अनुभव मिळावा म्हणून. "आमच्या वेळी आम्हीही खूप सोसलं," असं म्हणून खांद्यावर हातही ठेवतात. त्याच्या लग्नाचं कुठं जुळत नाही. पोरीकडचे विचारतात, पर्मनंट का. प्रस्ताव मंत्रालयात गेलाय हे उत्तर आता कुणी विकत घेत नाही.

सरांचं बाकी बरं चाललंय. नांदेडला वहिनींच्या नावानं प्लॉट, वहिनींच्याच नावानं विम्याची एजन्सी. हप्ता कुणाचा कधी येतो हे मात्र सरांना तोंडपाठ. आणखी दोन वर्षांनी साठी, म्हणजे निवृत्ती. गौरवग्रंथासाठी लेख मागवायला त्यांनी आत्तापासून सुरुवात केली आहे. पोराला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला खोली करून ठेवलं होतं. लातूर पॅटर्ननं त्याच्यावर तीन वर्षं मेहनत घेतली. शेवटी पोरगं बी.एस्सी. ॲग्री झालं आणि कीटकनाशकाच्या एका कंपनीत लागलं, हिंगोलीकडं. हुद्दा: मार्केटिंग ऑफिसर. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा कार्यालयातला लिपिक हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी होता. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये त्या पोराचा फोन आला. मी समोरच पेपर तपासत होतो. महिनाअखेर, टार्गेट अर्धं राहिलेलं, दुकानदार दारात उभं करेनात. सरांनी घसा साफ केला. "हे बघ, आधी बाजाराचं सेगमेंटेशन कर." पलीकडून पोरगं एवढ्या जोरात बोललं की मला ऐकू आलं: "पप्पा, ते राहू द्या हो."

सर खुर्चीत पुढं सरकले. आवाज खाली आला, जूनमधला.

"बरं. मग ऐक. दुकानात गेलास की आधी पाणी माग. तहान नसली तरी माग. औषधाचं नाव तू काढू नको, त्याला काढू दे. बॅग दाराशी ठेव. आणि गल्ल्यावर बसलाय त्याच्याशी बोलत बसू नको, कोपऱ्यात त्याचा म्हातारा पेपर वाचत असंल, त्याच्याशेजारी बस. त्याचे गुडघे विचार. गाव विचार. तिथं आपले पाहुणे आहेत म्हणून सांग."

"कोणते पाहुणे?"

"असतात रे," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मी लाल पेन खाली ठेवलं. म्हटलं, सर, हे वर्गात का सांगत नाही तुम्ही?

"पेपरला येत नाही," सर म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडं ओढून, माझ्या तांब्यातलं पाणी स्वतःच्या पेल्यात ओतून घेत त्यांनी विचारलं, "ते जाऊ द्या. तुमच्या साडूचा पोरगा बारावी झाला म्हणे. त्याच्या आजीला गुडघ्याचा त्रास होता ना, आता कसंय?"